खोबरेल तेल थिजलं की नॅनोरॉड का बिघडतात?

"ताई, परत लाल झालं."

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या प्रयोगशाळेत हे वाक्य ऐकू येतं. कृती तीच, हात तोच, मायक्रोपिपेटसुद्धा तीच. उन्हाळ्यात सोन्याचे छान लांबट नॅनोरॉड (नॅनोमीटर मापाच्या कांड्या) देणारी कृती थंडी पडली की गोल दाणे द्यायला लागते. वर्णपटात, म्हणजे द्रावण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं त्या आलेखात, 800 नॅनोमीटरच्या आसपास यायला हवं ते ठसठशीत शिखर गायब आणि 530 च्या जवळ एकच उंचवटा. जुलैत पुन्हा बिघाड, पण वेगळ्या तऱ्हेचा. शिवाय अधूनमधून, कारण नसताना, शुक्रवारी. तीन वर्षं मी हे सगळं नशिबावर ढकललं. चौथ्या वर्षी वहीतल्या फसलेल्या बॅचच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मांडल्या, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पुण्याची हवा आणि पुण्याचं पाणी आमच्या फ्लास्कात उतरत होतं.

आमची कृती जगभर वापरतात तीच आहे. आधी बीज, म्हणजे सोन्याचे अगदी बारीक कण, करायचं आणि मग ते वाढीच्या द्रावणात पेरायचं. कॅथरीन मर्फी यांच्या गटाने 2001 मध्ये ही वाट दाखवली आणि निकूबख्त व अल-सय्यद यांनी 2003 मध्ये सिल्व्हर नायट्रेट घालून ती बरीच भरवशाची केली. बीजासाठी 10 मिलि 0.1 मोलर सीटॅब (सेटिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइड), 0.25 मिलि 10 मिलीमोलर गोल्ड क्लोराइड आणि जोरात ढवळताना एका दमात 0.6 मिलि बर्फगार 10 मिलीमोलर सोडियम बोरोहायड्राइड. वाढीच्या द्रावणात 10 मिलि 0.1 मोलर सीटॅब, 0.5 मिलि 10 मिलीमोलर गोल्ड क्लोराइड, 0.1 मिलि 10 मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेट, 0.2 मिलि 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, 80 मायक्रोलिटर 0.1 मोलर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि सगळ्यात शेवटी 24 मायक्रोलिटर बीज. नळी दोन-तीनदा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची आणि 28 ते 30 अंशांना रात्रभर ठेवायची. नंतर तिला हात लावायचा नाही.

बिघाड झाला की सगळ्यांचा हात आधी सिल्व्हर नायट्रेटकडे जातो. चांदीचं प्रमाण बदललं की रॉडची लांबी बदलते, हे प्रत्येकाने वाचलेलं असतं. मीही एक अख्खा डिसेंबर 60 पासून 140 मायक्रोलिटरपर्यंत चढत-उतरत घालवला. हाती आले ते निरनिराळ्या छटांचे गोल दाणे. जी कृती जूनमध्ये चालत होती तिचे आकडे डिसेंबरमध्ये चुकीचे होत नाहीत. तेव्हा आकडे आहेत तसेच राहू द्या. रंग कुठल्या पायरीवर चुकला एवढंच आधी शोधा.

रंग कुठे चुकला?

सीटॅबमध्ये गोल्ड क्लोराइड पडलं की फिका पिवळा रंग गडद होऊन नारंगीकडे झुकतो, कारण सोन्याभोवतीच्या क्लोराइडची जागा ब्रोमाइड घेतं. रंग नेहमीपेक्षा फिका दिसला तर सोन्याचं साठवण-द्रावण कमी ताकदीचं आहे. हा घोटाळा बहुतेक वेळा वजन करतानाच होतो. गोल्ड क्लोराइड हवेतली ओल भराभर ओढतं आणि स्टीलच्या स्पॅच्युलाने उचललं तर स्पॅच्युलावरच सोनं बसायला लागतं. म्हणून आम्ही ते तोलतच नाही. एक ग्रॅमची कुपी फोडायची आणि सगळीच्या सगळी 25.4 मिलि पाण्यात विरघळवायची, म्हणजे 0.1 मोलर द्रावण तयार. काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवायचं. त्या एक ग्रॅममध्ये सोनं असतं अर्धा ग्रॅम. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाला हा हिशोब सांगितला तर तो आपल्याला वेड्यात काढेल, पण 10 मिलिच्या एका नळीत जेमतेम 1 मिलिग्रॅम सोनं जातं, त्यामुळे कुपी बरेच महिने पुरते.

बोरोहायड्राइड पडताच बीजाचा रंग दूध न घातलेल्या फिक्या चहासारखा तपकिरी झाला पाहिजे. गुलाबी किंवा लालसर झाला तर बीज तीन-चार नॅनोमीटरच्या आत राहिलेलं नाही, त्याचे मोठे दाणे झालेत. ते सरळ बाजूला ठेवा. असल्या बीजापासून चांगले रॉड मिळालेले मी तरी पाहिले नाहीत.

तिसरा रंग मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. वाढीच्या द्रावणात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घातलं की पिवळेपणा जाऊन द्रावण पाण्यासारखं रंगहीन व्हायला हवं. इथे सोनं धातू होत नाही, तीन धनभारांवरून एकावर येतं आणि बीजाची वाट बघत थांबतं. हिशोब करून पाहा. नळीत सोनं आहे 5 मायक्रोमोल आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल 8. सोन्याला एका पायरीने उतरवायला साधारण एकास एक लागतं. आम्ल कालचं असेल आणि त्यातलं निम्मं हवेने खाल्लं असेल, तर उरतात 4 आणि पिवळी झाक तशीच राहते. दहा मिलिसाठी 176 मिलिग्रॅम, रोज ताजं. यात वाद नको. उलट बीज घालायच्या आधीच द्रावण आपोआप गुलाबी व्हायला लागलं तर दोष आम्लाचा नाही, भांड्याचा आहे. त्याबद्दल पुढे.

डिसेंबर

तीनही रंग बरोबर, तरीही सकाळी गोल दाणे. माझी गाडी इथेच अडली होती. कोडं सोडवलं आमच्या काकांनी. साडेसातला येऊन प्रयोगशाळा उघडणारे तेच. एकदा सहज म्हणाले, "ताई, तुमच्या त्या बाटलीत सकाळी खडीसाखर झालेली असती की."

मी अकराला यायचे. तोवर खिडकीतून ऊन फळीवर आलेलं असायचं, वरचं द्रावण स्वच्छ दिसायचं आणि तळाशी उरलेल्या पांढऱ्या थराकडे माझं लक्षच जायचं नाही. मी वरचं द्रावण घ्यायचे आणि वहीत इमानदारीने 0.1 मोलर लिहायचे. प्रत्यक्षात ते किती असायचं देव जाणे.

सीटॅब हा साबणाच्या जातीचा रेणू. पाण्यात त्याचे पुंजके बनतात आणि तेच रेणू सोन्याच्या कांडीच्या बाजूंना दुहेरी अस्तर करून बसतात. चांदीही त्याच बाजूंवर पातळ थर धरते, म्हणून वाढ टोकांच्या दिशेने होते. पण हे जमतं ते एका ठरावीक तापमानाच्या वरच. त्याला क्राफ्ट तापमान म्हणतात आणि सीटॅबसाठी ते 25 अंशांच्या आसपास आहे. त्याखाली सीटॅब द्रावणात राहायला तयार नसतं, सुया आणि पापुद्रे होऊन तळाशी बसतं. आमची इमारत जुन्या दगडी भिंतींची. उन्हाळ्यात त्याचं कौतुक वाटतं, पण जानेवारीत सकाळी आत 17-18 अंश असतात. अशा खोलीत सीटॅबची बाटली रात्रभर उघड्या फळीवर ठेवणं म्हणजे ती मुद्दाम बिघडवणं.

यावर फुकटातला उपाय म्हणजे खोबरेल तेल. ते साधारण 24 अंशांना थिजतं. सीटॅबशी त्याचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग, पण सोयीचा. सकाळी न्हाणीघरातली बाटली उलटी केल्यावर तेल खाली येत नसेल तर त्या दिवशी प्रयोगशाळेत पाऊल टाकल्या टाकल्या सीटॅब बघायचं. आता आमच्या तराजूशेजारी खोबरेलाची एक छोटी बाटली कायमची ठेवलेली आहे. पाहुणे विचारतात, आम्ही सांगत नाही.

दुरुस्ती सोपी आहे, पण अर्धवट केली तर काही उपयोग होत नाही. बाटली 35 अंशांच्या पाण्यात ठेवा, तळाचा शेवटचा पापुद्रा विरघळेपर्यंत. बाटली फिरवा, हलवू नका. फेस आला तर पिपेटमध्ये हवा जाते आणि माप चुकतं. मग वॉटर बाथ 29 अंशांवर लावून बीजाची नळी, वाढीची नळी आणि सीटॅब, तिन्ही त्यातच ठेवा. काम चालू असताना रिकाम्या नळ्याही त्यातच असू द्या. गार काचेत 30 अंशांचं द्रावण ओतलं की ते क्षणात 23 वर येतं, हे मी थर्मामीटर घालून पाहिलंय. बाथच्या आकड्यावर विसंबू नका. एका नळीत 10 मिलि सीटॅब भरून त्यात साधा थर्मामीटर ठेवा आणि तोच खरा माना. आमचा बाथ पडद्यावर 30 दाखवायचा तेव्हा नळीत 26 असायचे. बाथ नसेल तर थर्माकोलचा डबा, त्यात कोमट पाण्याच्या दोन बाटल्या आणि मध्ये नळ्या. रात्रभर तेवढी ऊब पुरते.

जुलै

पावसाळ्यातली तक्रार वेगळी, बीज गुलाबी होतं. गुन्हेगार जवळजवळ नेहमी बोरोहायड्राइड. पुण्यातल्या जुलैच्या हवेत डबी चार वेळा उघडली की भुकटीचे गठ्ठे होतात आणि अशा गठ्ठ्यातला बराचसा भाग आधीच निकामी झालेला असतो. डबी डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि त्यातली सिलिका निळी, म्हणजे कोरडी, आहे का ते बघा. आमची सिलिका दोन महिने गुलाबी होती. सगळे रोज बघत होते, पण तो तिचा नेहमीचाच रंग आहे असं प्रत्येकाला वाटत होतं.

वजनाचीही एक गोम आहे. 10 मिलि 10 मिलीमोलर द्रावणाला बोरोहायड्राइड लागतं जेमतेम 3.8 मिलिग्रॅम. पंख्याच्या वाऱ्यात, दमट हवेत एवढं तोलणं म्हणजे अंदाजपंचे. त्यापेक्षा 38 मिलिग्रॅम तोला, 10 मिलि बर्फगार पाण्यात विरघळवा आणि लगेच बर्फगार पाण्यानेच दहापट पातळ करा. पाण्यात पडल्या क्षणापासून ते हायड्रोजन सोडत मरत असतं, म्हणून द्रावण करणं आणि बीजात घालणं यात दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त जाऊ नयेत. "बर्फ आणायला गेलोय" ही सबब बोरोहायड्राइडला ऐकू येत नाही. आधी बर्फ, मग डबी. पण बर्फात ठेवायचं ते फक्त बोरोहायड्राइड. सीटॅब त्याच डब्यात बुडवणारा एक विद्यार्थी दरवर्षी भेटतोच.

बीज झाल्यावर नळीला घट्ट बूच लावू नका, आतून वायू येत असतो. अर्धा तास 27-28 अंशांना ठेवा म्हणजे उरलेलं बोरोहायड्राइड संपतं; नाहीतर ते बीजाबरोबर वाढीच्या द्रावणात जाऊन तिथे नवी बीजं तयार करतं. त्यानंतर दोन-तीन तासांत वापरून टाका. संध्याकाळसाठी ठेवलेलं सकाळचं बीज बीज राहत नाही, त्याचे दाणे होतात.

शुक्रवार

हे पुणेकरांना समजावून सांगायची गरज नाही. गुरुवारी पाणी बंद, "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल" ही ओळ आपल्याला पाठ आहे. दुरुस्तीसाठी वीज जाते तीही बऱ्याचदा गुरुवारीच. आमच्याकडे त्यातून दोन स्वतंत्र बिघाड व्हायचे.

पहिला विजेचा. डिजिटल वॉटर बाथ वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाही, नुसता दिवा लुकलुकत राहतो. गुरुवारी दुपारी वाढीला लावलेल्या नळ्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या तापमानाला यायच्या. उन्हाळ्यात हे चालून जायचं, थंडीत मात्र वाट लागायची. आता गुरुवारी आम्ही फक्त द्रावणं करतो आणि वर्णपट घेतो.

दुसरा पाण्याचा. बुधवारी भरून ठेवलेल्या कॅनमधलं शुद्ध पाणी शुक्रवारपर्यंत शिळं झालेलं असतं आणि शुक्रवारी पहिलं येतं ते गढूळ, धक्के देत, गाळण्यांवर ताण टाकत. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर 18.2 (मेगाओहम-सेंटिमीटर, शुद्धतेचं माप) हा आकडा दिसेपर्यंत थांबा आणि पहिला लिटर ओतून द्या. मीटर नसेल तर पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधाळ झाक आली तर पाण्यात क्लोराइड आहे. इथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल की हायड्रोक्लोरिक आम्ल तर आपणच घालतो, मग क्लोराइडचं भय कसलं? बरोबर आहे, वाढीच्या द्रावणात क्लोराइड स्वतः खलनायक नाही. पण ते दिसलं याचा अर्थ नळाचं पाणी गाळणीतून जवळजवळ तसंच येतंय आणि त्याच्या सोबतीने आणखी काय येतंय ते आपल्याला माहीत नाही. शिवाय त्याच पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचं साठवण-द्रावण केलं असेल तर त्यातली थोडी चांदी तळाशी पांढरी होऊन बसलेली असते, आणि मग 0.1 मिलिच्या मापाला काही अर्थ उरत नाही.

बाटली बदलली, रॉड गेले

तापमान नीट, बीज नीट, पाणी नीट, आणि बिघाड नेमका सीटॅबची नवी बाटली उघडल्यापासूनचा? मग स्वतःला दोष देणं थांबवा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या कोर्गेल यांच्या गटाने 2008 मध्ये दहा ठिकाणचं सीटॅब घेऊन एकच कृती केली. तीन बाटल्यांतून फक्त गोल दाणे मिळाले, बाकीच्यांतून भरपूर रॉड. पुढच्याच वर्षी त्यांनी कारण दाखवलं: सीटॅबमधलं आयोडाइड, अगदी लेशमात्र. ते सोन्याच्या पृष्ठभागाला ब्रोमाइडपेक्षा घट्ट चिकटतं आणि कांडी होऊच देत नाही. बाटलीवर 99 टक्के शुद्ध लिहिलेलं असलं तरी उरलेल्या एका टक्क्यात काय आहे हे कोण सांगणार!

मला यात गंमत वाटते ती वेगळीच. आकार घडवणारी गोष्ट पुष्कळदा कृतीत लिहिलेलीच नसते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने 2004 मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे पातळ त्रिकोण वाढवून दाखवले होते. तिथे आकार देण्याचं काम पाल्यातले रेणू करत होते. आपल्याकडे तेच काम बाटलीतला कचरा करतो, तेही न विचारता.

उपाय एवढाच की नवी बाटली आली की जुनी संपायच्या आत दोन्हींची 10 मिलिची एकेक नळी शेजारी शेजारी लावायची. बाटलीचा लॉट नंबर वहीत प्रत्येक प्रयोगासमोर लिहायचा. चांगला लॉट सापडला तर विभागप्रमुखांच्या हातापाया पडून त्याच लॉटच्या तीन-चार बाटल्या एकदम मागवायच्या.

भांडी

बीजाआधीच गुलाबी होणारं द्रावण म्हणजे आदल्या प्रयोगातलं सोनं काचेला चिकटून राहिलंय. अम्लराजाने, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाने, फ्यूम हूडखाली धुवा. अम्लराज बाटलीत बंद करून ठेवू नका, वायू साचून बाटली फुटते. आणि जवळपास अ‍ॅसिटोनचं भांडं नको. ढवळणीचे जुने, ओरखडे पडलेले मॅग्नेट टाकून द्या, त्यांच्या चरांत सोनं लपतं. वाढीसाठी मी आता काच वापरतच नाही, दरवेळी प्लास्टिकची नवी नळी घेते.

लाल म्हणजे नेहमी वाईटच असं नाही

हे आधी लिहायला हवं होतं, कारण यात माझी एक सबंध चांगली बॅच सिंकमध्ये गेली. लांबीचं शिखर, म्हणजे रॉडच्या लांबीमुळे वर्णपटात येणारं शिखर, 650-700 नॅनोमीटरला असेल तर द्रावण निळं-हिरवं दिसतं आणि डोळ्याला लगेच पटतं की रॉड झाले. पण रॉड आणखी लांब झाले आणि शिखर 800 च्या पुढे गेलं की ते डोळ्याच्या टप्प्याबाहेर जातं. उरतं फक्त जाडीचं, 510-520 जवळचं शिखर आणि द्रावण तपकिरी-लालसर दिसतं. मी ते गोल दाणे समजून ओतून दिलं. क्युवेटमध्ये, म्हणजे वर्णपट घ्यायच्या छोट्या पात्रात, चार थेंब उरले होते म्हणून कळलं. 820 ला सुंदर शिखर होतं. तेव्हा "परत लाल झालं" असं सांगत आलेल्या प्रत्येकाला आमचा पहिला प्रश्न असतो: 400 ते 900 पर्यंत वर्णपट घेतला का? अर्ध्या वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

धुताना

सगळं नीट झालं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये (जोरात फिरवून रॉड तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) घालवलं, असंही होतं. थंड करणाऱ्या सेंट्रिफ्यूजवर आधीच्या माणसाने 4 अंश लावून ठेवलेले असतात. त्यात सीटॅब गोठतं आणि तळाशी रॉडसोबत पांढरा लगदा बसतो. तापमान 28 वर आणा, रोटर आधी अर्धा तास तसाच फिरू द्या, मग नळ्या घाला. तयार रॉड फ्रिजमध्ये ठेवू नका. चुकून ठेवलेच असतील तर लगेच हलवू नका; नळी 30 अंशांच्या पाण्यात पापुद्रे पूर्ण विरघळेपर्यंत उभी ठेवा आणि वर्णपट पुन्हा घ्या. लांबीचं शिखर जागेवर असेल आणि उजवीकडे लांब शेपूट पसरलेलं नसेल, तर ती बॅच वापरायला हरकत नाही.